चेनसॉ पेटत नाही? स्क्रूला हात सर्वांत शेवटी

विसरवाडी परिसरात चेनसॉला वर्षातून दोनदा जोराचं काम असतं. उन्हाळ्यात बांधावरची बाभूळ, निलगिरी, सुबाभूळ कापायची आणि पावसाळ्यासाठी सरपण साठवायचं. मग जून-जुलैत वादळाने आडवी झालेली झाडं घरावरून, वाटेवरून दूर करायची. कोंडाईबारी घाटात महामार्गावर झाड पडलं तर दोन्ही अंगांना ट्रक अडकून पडतात. नेमकं अशाच वेळी मे महिन्यापासून पडवीत ठेवलेलं मशीन, दोरी ओढून ओढून खांदा भरून आला तरी पेटत नाही. कोणीतरी बारीक पेचकस काढतो, कार्बोरेटरचे स्क्रू अंदाजाने फिरवू लागतो, आणि जे मशीन अर्ध्या तासात चालू झालं असतं ते आठवडाभर गॅरेजमध्ये पडून राहतं.

स्क्रूला हात सर्वांत शेवटी लावायचा, हे या साऱ्या कृतीचं मुख्य सूत्र. परवापर्यंत नीट चालणाऱ्या मशीनचे स्क्रू आपोआप फारसे फिरत नाहीत. बदललेलं असतं ते पेट्रोल, तुंबलेली असते ती जाळी, ताठ झालेला असतो तो डायफ्राम. म्हणून तपासणी पेट्रोलच्या डब्यापासून सुरू करायची आणि पेट्रोल ज्या वाटेने जातं त्याच वाटेने पुढे सरकायचं. वाटेत दोष सापडला की तो दूर करून तिथेच थांबायचं आणि मशीन चालवून बघायचं. एकाच वेळी चार गोष्टी बदलल्या तर खरा दोष कुठला होता ते कधीच कळत नाही.

मोटारसायकलच्या कार्बोरेटरवर हात बसलेला मेकॅनिक विसरवाडी, खांडबारा, चिंचपाडा, कुठेही मिळेल. पण चेनसॉचा कार्बोरेटर वेगळ्या जातीचा आहे. मोटारसायकलमध्ये खाली पेट्रोलची वाटी असते, तिच्यात फ्लोट तरंगतो आणि पातळी राखतो. चेनसॉ आडवा धरतात, कधी उलटाही करतात. तिथे वाटीतलं पेट्रोल सांडून जाईल. म्हणून त्यात वाटी नाही, दोन पातळ पडदे आहेत, म्हणजे डायफ्राम. पिस्टन वर-खाली होताना क्रँककेसमधला दाब घटतो-वाढतो. तो दाब एका बारीक भोकातून पहिल्या डायफ्रामपर्यंत पोचतो, डायफ्राम थरथरतो आणि टाकीतून पेट्रोल ओढून आणतो. हा झाला पंपाचा डायफ्राम. दुसरा मापाचा. इंजिनाने पेट्रोल ओढून घेतलं की बाहेरच्या हवेच्या दाबाने हा आत दबतो, एका चिमुकल्या तरफेला ढकलतो, सुई उचलली जाते आणि हवं तेवढंच पेट्रोल आत येतं. हे दोन पडदे मऊ असेपर्यंत मशीन ऐकतं. ते ताठ झाले की कितीही स्क्रू फिरवा, उपयोग नाही.

बसण्याआधी

मशीन पूर्ण थंड होऊ द्या. जागा उघड्यावरची हवी. चूल, विडी, वेल्डिंग यांपासून लांब. चेनला कव्हर घाला. मशीनभोवतीचा भुसा आधी ब्रशने झाडा, कारण झाकण उघडताच तोच भुसा टाकीत आणि कार्बोरेटरमध्ये जातो; निम्मे दोष असेच दुरुस्तीच्या वेळी आत शिरतात. जुनं पेट्रोल धातूच्या किंवा इंधनासाठीच बनवलेल्या डब्यात काढा. ते गटारात, नाल्यात किंवा विहिरीजवळ ओतू नका. पेट्रोल भरलं की त्या जागेपासून किमान ३ मीटर दूर जाऊनच मशीन सुरू करा.

आणखी एक गोष्ट आधीच बघून घ्या. मशीनला दोन झाकणं असतात, एक पेट्रोलच्या टाकीचं आणि एक चेनच्या तेलाचं. घाईत अदलाबदल होते. पेट्रोलच्या टाकीत चेनचं तेल गेलं असेल तर टाकी, नळी आणि कार्बोरेटर तिन्ही धुतल्याशिवाय मशीन चालणार नाही.

पहिली पायरी : पेट्रोल

टाकीतलं थोडं पेट्रोल स्वच्छ काचेच्या बाटलीत काढा आणि पंधरा मिनिटं हलवू नका. मग उजेडात धरून बघा. सगळीकडे एकसारखा रंग असेल तर ठीक. तळाशी वेगळा थर, थेंब किंवा गढूळपणा दिसला तर त्यात पाणी आहे. वास घ्या. ताज्या पेट्रोलचा वास झणकन नाकात जातो. शिळ्याचा वास आंबूस, वार्निशसारखा येतो. दोन्हीपैकी काहीही आढळलं तर ते सगळं काढून टाका. नवीन पेट्रोल त्यात मिसळून जुनं ‘सुधारत’ नाही.

इथे इथेनॉलबद्दल सविस्तर बोलायला हवं, कारण गेल्या काही वर्षांत लहान इंजिनांच्या तक्रारींत यानेच भर घातली आहे. २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल ६ फेब्रुवारी २०२३ रोजी देशात टप्प्याटप्प्याने आणायला सुरुवात झाली आणि २०२५ मध्ये ते पंपांवर सर्रास झालं. उसापासून, धान्यापासून होणारं इथेनॉल मिसळलेलं हे इंधन गाड्यांसाठी आखलं आहे. त्याचा चेनसॉवर होणारा परिणाम मालकाने स्वतः सांभाळायचा आहे. परिणाम तीन आहेत.

इथेनॉल पाणी ओढतं. थोडं पाणी ते स्वतःत विरघळवून घेतं, पण मर्यादा ओलांडली की इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोलपासून फुटतात आणि जड असल्यामुळे तळाला बसतात. नवापूर तालुक्यातल्या पावसाळ्यात अर्धवट भरलेला डबा, सैल झाकण आणि गळकी पडवी एवढं पुरतं. यात खरा धोका असा की टू-स्ट्रोक मशीनचं तेल वरच्या पेट्रोलच्या थरात राहतं, आणि टाकीतला फिल्टर मात्र तळाला पडलेला असतो. मशीन तळाचा थर ओढतं, म्हणजे तेलाशिवायचं इंधन ओढतं. ते काही क्षण चाललं तरी पिस्टन आणि सिलिंडर घासून निघतात.

दुसरा परिणाम रबरावर होतो. जुन्या मशीनच्या नळ्या, डायफ्राम, ओ-रिंग इथेनॉलने फुगतात किंवा नंतर वाळून कडक होतात.

तिसरा परिणाम फारसा कोणी सांगत नाही. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो. साध्या पेट्रोलला जळायला वजनाच्या सुमारे १४.७ पट हवा लागते. २० टक्के मिश्रणाला सुमारे साडेतेरा पट पुरते. म्हणजे साध्या पेट्रोलवर लावलेलं मशीन या पेट्रोलवर चालवलं की हवा-पेट्रोलचं मिश्रण आपोआप पातळ होतं, म्हणजे त्यात हवा जास्त पडते, इंजिन जास्त तापतं आणि जास्त वेगाने फिरतं. मालकाला वाटतं मशीन छान पळतंय. स्टिल कंपनीच्या पुस्तिकांत हाताने स्क्रू लावायच्या कार्बोरेटरसाठी इथेनॉलची मर्यादा १० टक्के सांगितली आहे; स्वतः मिश्रण सांभाळणाऱ्या इलेक्ट्रॉनिक मॉडेलना ती जास्त दिली आहे. तुमच्या मशीनची पुस्तिका उघडून ही ओळ वाचा. पुस्तिका हरवली असेल तर विक्रेत्याकडून मागून घ्या.

पेट्रोलमध्ये इथेनॉल किती आहे ते घरीच बघता येतं. आकडे असलेल्या उभ्या काचेच्या मापात १० मिली पाणी घ्या, त्यावर तेल न मिसळलेलं ९० मिली पेट्रोल ओता, तोंड बंद करून हलवा आणि शांत ठेवा. इथेनॉल पाण्यात उतरतं, त्यामुळे खालचा थर वाढतो. तो १० मिलीच्या जागी २७-२८ मिलीपर्यंत गेला तर पेट्रोल २० टक्क्यांचं आहे. काही जण याच रीतीने पाण्याने धुऊन उरलेलं पेट्रोल मशीनमध्ये घालतात. तसं करू नका. इथेनॉलबरोबर ऑक्टेनही खाली जातं, आणि धुतलेल्या पेट्रोलमध्ये पाण्याचा अंश राहतो.

मग करायचं काय? महिन्याभरात संपेल एवढंच तेल-पेट्रोलचं मिश्रण करा. लिटरभर लागणार असेल तर लिटरच आणा. ज्या पंपावर गिऱ्हाइकांची वर्दळ आहे तिथून घ्या, म्हणजे जमिनीखालच्या टाकीत पेट्रोल साचून राहिलेलं नसतं. मुसळधार पावसाच्या दुसऱ्या दिवशी डब्यात घेतलेलं पेट्रोल टाकीत ओतण्याआधी काचेत बघा. पाण्याच्या प्लास्टिक बाटलीत पेट्रोल आणणं धोक्याचं आहे आणि नियमाविरुद्धही. इंधनाचा डबा वापरा.

तेलाचं प्रमाण पुस्तिकेत दिलेलंच ठेवा. ५० ला १ म्हणजे १ लिटर पेट्रोलला २० मिली टू-टी तेल. २५ ला १ म्हणजे ४० मिली. बाजारातल्या अनेक स्वस्त मशीनवर २५ ला १ लिहिलेलं असतं, कंपनीच्या मशीनवर त्यांचं स्वतःचं तेल घातलं तर ५० ला १ असतं. तेल हवेने थंड होणाऱ्या टू-स्ट्रोक इंजिनाचंच हवं. चारचाकीचं इंजिन ऑइल किंवा बोटीच्या इंजिनाचं तेल चालत नाही. बाटलीच्या झाकणाने अंदाजे ओतू नका, औषधाच्या दुकानात मिळणारी सुई काढलेली सिरिंज वापरा. डब्यात आधी निम्मं पेट्रोल, मग तेल, मग हलवणं, मग उरलेलं पेट्रोल. टाकीत भरताना दर वेळी डबा पुन्हा हलवा.

दुसरी पायरी : दोष खरंच पेट्रोलचा आहे का

कार्बोरेटरला दोष देण्याआधी एअर फिल्टर काढून बघा. सागाचा बारीक भुसा त्यावर चिकटून बसला की चोक ओढल्यासारखं होतं: मशीन पेटतं, धूर सोडतं, वेग घेत नाही. मऊ ब्रशने झाडा, कोमट साबणपाण्याने धुवा, पूर्ण वाळवा. सायलेन्सरच्या तोंडाची ठिणगीरोधक जाळी काजळीने बंद झाली असेल तरीही वेग येत नाही, आणि लोक कार्बोरेटर उघडून बसतात. तेल जास्त घातलेल्या मशीनमध्ये ही जाळी हमखास बंद सापडते.

आता प्लग काढा. तो ओला आहे की कोरडा, हे बघितलं की अर्धा तपास होतो. बरंच ओढूनही प्लग कोरडा असेल तर पेट्रोल पोचत नाही. ओला असेल तर पेट्रोल पोचतंय, पण ठिणगी पडत नाही किंवा पेट्रोल प्रमाणाबाहेर साचलंय. टोक फिकट तपकिरी असेल तर मिश्रण बरोबर. काळं तेलकट असेल तर जाड. पांढरट, कोरडं असेल तर पातळ, आणि पांढरं दिसलं की मशीन पुढे न चालवता कारण शोधा. दोन टोकांमधलं अंतर बहुतेक चेनसॉमध्ये ०.५ मिलिमीटर असतं.

ठिणगी बघताना भोकातून बाहेर आलेल्या पेट्रोलच्या वाफेपासून प्लग लांब ठेवा, त्याचं धातूचं अंग सिलिंडरच्या धातूला टेकवा आणि दोरी ओढा. निळसर, सलग ठिणगी हवी.

पेट्रोल साचून प्लग भिजला असेल, म्हणजे ‘ओव्हरफ्लो’ झाला असेल, तर चोक उघडा, मशीन बंदच्या खटक्यावर ठेवा, प्लगचं भोक जमिनीकडे करा, एक्सलेटर पूर्ण दाबून दोरी आठ-दहा वेळा ओढा. प्लग पुसून, वाळवून लावा. यानंतर चोक न लावता सुरू करा. पुष्कळ मशीन एवढ्यावर पेटतात.

दाब बघायला गेज नसेल तर अंदाज घेता येतो. प्लग लावलेला ठेवून दोरीच्या मुठीला धरून मशीन उचला. ते थांबत-थांबत, झटक्या-झटक्याने खाली उतरलं पाहिजे. सरळ धाडकन उतरलं तर दाब गेला. गेज असेल तर थंड मशीनवर १२० पीएसआयच्या आसपास किंवा वर आकडा हवा. शंका आली तर सायलेन्सरचे बोल्ट काढून पिस्टन नजरेने बघा. पिस्टनवर उभ्या रेघा, ओरखडे असतील तर कार्बोरेटरवर आणखी पैसा घालू नका. आधी सिलिंडर-पिस्टनचा विचार करा.

शेवटची चाचणी छोटी आणि खात्रीची. एअर फिल्टर काढून कार्बोरेटरच्या तोंडात तेल मिसळलेल्या पेट्रोलचे १०-१५ थेंब टाका, फिल्टर परत बसवा, दोरी ओढा. मशीन पेटलं आणि दोन-तीन सेकंदांत मेलं तर इंजिन आणि ठिणगी ठीक आहे, पेट्रोलची वाट अडली आहे. तेल नसलेलं पेट्रोल किंवा डिझेल गाड्यांना मारतात तो स्टार्टिंग स्प्रे यासाठी वापरू नका. त्याने सिलिंडर कोरडा पडतो.

तिसरी पायरी : टाकीपासून कार्बोरेटरपर्यंत

वाकवलेल्या तारेच्या आकड्याने टाकीतला फिल्टर बाहेर ओढा. काळपट, चिकट, कडक झाला असेल तर बदला. त्याची किंमत फार नसते, म्हणून धुऊन पुन्हा वापरण्यात अर्थ नाही. फिल्टर काढून नळीत तोंडाने फुंकू नका. हातपंप किंवा सिरिंज वापरा.

नळी बोटांत दाबून, वाकवून बघा, विशेषतः जिथे ती टाकीच्या भिंतीतून बाहेर येते आणि कार्बोरेटरच्या नळीवर चढते. तिथेच चिरा पडतात. चिरेतून पेट्रोल गळेलच असं नाही. आत हवा ओढली जाते, बाहेर थेंबही दिसत नाही आणि मशीन भुकेलं राहतं. हातपंपाचा फुगा असलेल्या मशीनमध्ये फुगा दाबल्यावर सतत बुडबुडे दिसत राहिले तर हवा याच वाटेने येतेय.

टाकीला श्वास घ्यायची एक बारीक वाट असते. पेट्रोल कमी होत जातं तशी तिथून हवा आत यायला हवी. ती वाट भुशाने बंद झाली की टाकीत पोकळी होते, पंप हरतो आणि मशीन पाच-दहा मिनिटं चालून बंद पडतं. ओळख सोपी आहे: बंद पडल्याबरोबर टाकीचं झाकण हळूच सैल करा. सुस्कारा टाकल्यासारखी हवा आत गेली आणि मशीन लगेच पेटलं, तर दोष श्वासाच्या वाटेत. ती साफ करा किंवा तिचा तुकडा बदला. मात्र झाकण उलटं, म्हणजे आतून दाबाने फसफसलं, तर वाट बाहेरच्या दिशेने बंद आहे. एप्रिल-मेच्या उन्हात तापलेल्या टाकीत हा दाब खूप चढतो, म्हणून गरम मशीनचं झाकण एकदम उघडू नका.

उन्हाळ्यातला आणखी एक घोळ इथेच सांगतो. तापलेलं मशीन पाच मिनिटं बंद ठेवलं आणि परत पेटेना, पण वीस मिनिटांनी पेटलं, तर बऱ्याचदा नळीत किंवा कार्बोरेटरमध्ये पेट्रोलची वाफ झालेली असते. सावलीत ठेवा, कव्हरच्या खाचांतला भुसा काढा, थंड हवा खेळू द्या. थंड झाल्यावरही ठिणगी येत नसेल तर मात्र कॉइल बघावी लागेल.

चौथी पायरी : कार्बोरेटर उघडणे

आधीचं सगळं ठीक असेल तरच इथे या. मोबाइलवर प्रत्येक टप्प्याचा फोटो काढा. पांढरं फडकं अंथरा आणि त्यावर काढलेल्या क्रमाने सुटे भाग मांडा. एल आणि एच हे दोन स्क्रू काढण्याआधी, ते हलके बसेपर्यंत आत फिरवताना किती फेरे होतात ते मोजून लिहून ठेवा. हलके म्हणजे दोन बोटांच्या जोराने. जोराने आवळले तर टोकाची सुई आणि तिची बैठक दोन्ही खराब होतात.

एका बाजूच्या एका स्क्रूचं झाकण उघडलं की पंपाचा डायफ्राम आणि त्याखाली बारीक जाळी दिसते. जाळीवर तपकिरी चिकट थर असेल तर तो शिळ्या पेट्रोलचा गोंद आहे. दुसऱ्या बाजूच्या चार स्क्रूंच्या झाकणाखाली मापाचा डायफ्राम, तरफ, स्प्रिंग आणि सुई. इथे सावकाश: तरफेची पिन काढताच बारीक स्प्रिंग उडते आणि गवतात गेली तर मिळत नाही.

डायफ्राम हातात धरून हलकेच हलवा. नवा मऊ असतो, आवाज करत नाही. जुना कागदासारखा कडकड वाजतो, सुरकुततो किंवा एका बाजूला फुगून राहतो. असा दिसला की धुऊन परत लावू नका. कार्बोरेटरच्या अंगावर कंपनीचं नाव आणि नंबर कोरलेला असतो, वाल्ब्रो किंवा झामा. त्याच नंबरचं किट मागवा. ‘साधारण असंच’ किट लावल्याने भोकं जुळत नाहीत.

सगळे रबरी भाग काढल्यावरच कार्बोरेटर क्लीनर मारा, कारण तो रबर खातो. डोळ्यांना चष्मा लावा. बारीक भोकातून फवारा उलटा चेहऱ्यावर येतो. प्रत्येक वाटेतून फवारा दुसरीकडे निघतोय का ते बघा. तार, सुई, टाचणी भोकात घालू नका, भोक जरा मोठं झालं तरी माप कायमचं बिघडतं. कॉम्प्रेसरची हवा मारायची असेल तर दाब कमी ठेवा. ट्रकच्या टायरला लावायच्या जोराने मारली तर बसवलेली बारीक टोपणं सुटतात.

तरफेची उंची हा नाजूक भाग आहे. ती गरजेपेक्षा उंच असली तर सुई सारखी उघडी राहते आणि मशीन पेट्रोलने भरतं. खाली असली तर मशीन उपाशी राहतं. अनेक झामा कार्बोरेटरमध्ये ती खोलीच्या तळाशी सपाट असते; वाल्ब्रोमध्ये मापपट्टी मिळते, तिने बघतात. काढण्याआधीच्या फोटोत ती कशी होती ते बघा. सुईचं टोक भिंगातून तपासा. त्यावर गोल खाच उमटली असेल तर सुई बदला.

परत बसवताना क्रम चुकतो. बहुतेक कार्बोरेटरमध्ये पंपाच्या बाजूला डायफ्राम अंगाला लागून आणि गॅस्केट झाकणाकडे. मापाच्या बाजूला उलट, गॅस्केट अंगाला लागून आणि डायफ्राम झाकणाकडे. तुमच्या फोटोत वेगळं दिसत असेल तर फोटो खरा माना. दाबाचा पंप आणि गेज असलेल्या मेकॅनिककडून एक चाचणी करून घ्यावी: पेट्रोलच्या नळीतून ०.८ बारचा दाब दिला की काटा स्थिर राहिला पाहिजे. उतरत गेला तर सुई बसत नाही.

कार्बोरेटर मशीनला जोडतो तो रबरी गळाही बघा, आणि पंपाकडे दाब नेणारी नळी असेल तर तीही. गळा चिरला असेल तर मशीन जागेवर असताना वेग आपोआप चढत-उतरत राहतो, मशीन डावी-उजवीकडे कलवलं की आवाज बदलतो. चिरलेल्या गळ्यावर एम-सील किंवा सायकलची ट्यूब लावून काम भागवतात. ते चार दिवस टिकतं आणि पिस्टन घेऊन जातं. गळा बदला.

पाचवी पायरी : आता स्क्रू

एल म्हणजे कमी वेगाचं मिश्रण, एच म्हणजे पूर्ण वेगाचं, आणि एलए किंवा टी म्हणजे जागेवरचा वेग. एल आणि एच आत फिरवले की मिश्रण पातळ होतं, बाहेर काढले की जाड. दोन्ही हलके बसवून प्रत्येकी १ फेरा बाहेर, ही पुष्कळ मशीनची सुरुवात आहे. पुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर तो धरा. स्क्रूवर मर्यादेच्या टोप्या असतील तर त्या कापून काढू नका.

बार, चेन, स्वच्छ एअर फिल्टर आणि कामात वापरायचं तेच पेट्रोल, एवढं बसवून मगच सुरुवात करा. मशीन चार-पाच मिनिटं चालवून गरम करा. ते सपाट जमिनीवर ठेवा, बारचं टोक कशालाही लागू देऊ नका, आजूबाजूला मुलं-माणसं नकोत.

जागेवर चालू असताना एल हळू आत-बाहेर फिरवून जिथे वेग सर्वांत चढतो ती जागा शोधा, मग तिथून पाव फेऱ्याच्या निम्मं बाहेर काढा. एक्सलेटर झटकन दाबा. मशीन क्षणभर अडखळलं तर एल आणखी थोडा बाहेर. मग एलए असा लावा की मशीन बंदही पडत नाही आणि चेनही फिरत नाही. जागेवर चेन फिरत असेल तर ते मशीन घेऊन झाडापाशी जाऊ नका. एलए कमी करूनही फिरत असेल तर क्लचची स्प्रिंग किंवा हवेची गळती आहे, स्क्रूचा दोष नाही.

एच लावताना चेनब्रेक सोडलेला हवा. ब्रेक लावून पूर्ण रेस दिली तर क्लच जळतो. दोन-तीन सेकंदच पूर्ण वेग द्या आणि कान लावा. रिकाम्या मशीनचा आवाज किंचित भरडा, तुटक असावा, आणि लाकडात बार घातला की तोच आवाज साफ, सलग व्हावा. रिकाम्या मशीनचा आवाजच चिरका, उंच आणि एकसंध असेल तर मिश्रण पातळ आहे. एच लगेच थोडा बाहेर काढा. वेगमापक असेल तर पुस्तिकेतला कमाल आकडा ओलांडू नका. कापण्याचा वेग वाढवायला एच आत घेणं ही आपल्याकडची सर्वांत महागडी सवय आहे. त्या मशीनचं तेलही कमी पोचतं आणि तापमानही वाढतं, आणि २० टक्के इथेनॉलने ते आधीच पातळ झालेलं असतं. म्हणून जुनं मशीन या पेट्रोलवर चालवायचंच असेल तर एच थोडा जाडच ठेवा. थोडा धूर दिसला तरी चालेल.

विसरवाडीत लावलेलं मशीन हजार मीटरहून उंच तोरणमाळला नेलं तर विरळ हवेमुळे मिश्रण जाड वाटेल आणि तुम्ही एच आत घ्याल. खाली परतताना तो आठवणीने बाहेर काढा.

पहिली चाचणी पडलेल्या ओंडक्यावर घ्या, उभ्या झाडावर नाही. उभं झाड बांधावरचं आणि स्वतःचं असलं तरी ते १९६४ च्या वृक्षतोड कायद्यात बसतं का, हे आधी वनखात्याच्या किंवा महसूलच्या माणसाला विचारा. सागासाठी तर नक्कीच. चाचणीनंतर इंजिन थंड झालं की प्लग पुन्हा काढून रंग बघा.

ठेवताना

महिनाभर मशीन लागणार नसेल तर टाकी रिकामी करा, मग मशीन सुरू करून ते आपोआप बंद पडेपर्यंत जागेवर चालू ठेवा, म्हणजे कार्बोरेटरमध्येही पेट्रोल उरत नाही. प्लग काढून चमचाभर टू-टी तेल आत टाका, दोरी दोनदा सावकाश ओढा, प्लग परत लावा. डब्यावर मिश्रण केल्याची तारीख लिहा.